सत्तावीस वर्षं, एक रात्र आणि मुंबईत राहून गेलेली टेप

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड थोडा जोरात ऐकण्याचा आहे. वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात आवाज वाढवून घ्यावा.

कोल्हापुरात ‘बँड’ म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांसमोर काय येतं? लाल कोट, पितळी वाद्यं आणि वरातीपुढं नाचणारा नवरदेवाचा मामा. नाहीतर गणपतीतली बेंजो पार्टी. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना घरी सांगितलं, की आम्ही चौघांनी बँड काढलाय. तेव्हा आजीनं पहिला प्रश्न विचारला होता, ‘सुपारी किती घेतासा?’ आमचा रॉक बँड होता. सुपारी शून्य. राजारामपुरीतल्या एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत प्रॅक्टिस, आणि खालच्या काकूंची रोज तक्रार. त्या बँडबद्दल पुढं बोलू. आज गोष्ट दुसऱ्या चौघांची आहे, आणि ती आपल्याशी वाटते त्यापेक्षा जास्त जोडलेली आहे.

10 डिसेंबर 2007. लंडनमधलं ओ-टू अरेना, त्याच वर्षी सुरू झालेलं. जागा साधारण वीस हजार. तिकिटासाठी ऑनलाइन सोडत काढलेली आणि मागणी आली दोन कोटींच्या घरात! त्याचा गिनेस रेकॉर्ड झाला. आपल्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बसला. तिकीट होतं 125 पौंडांचं. पण एका धर्मादाय लिलावात दोन तिकिटांना 83 हजार पौंड मोजणारा माणूसही निघाला. कशासाठी? लेड झेपेलिन नावाचा बँड पूर्ण लांबीचा कार्यक्रम करणार होता. आधीचा असा कार्यक्रम 1980 मधला. मधे सत्तावीस वर्षं.

ज्यांना नावं माहीत नाहीत त्यांच्यासाठी पटकन. गिटारवर जिमी पेज. गाणारा रॉबर्ट प्लांट. बेस आणि कीबोर्डवर जॉन पॉल जोन्स. ड्रम्सवर जॉन बॉनम. 1968 मध्ये बँड सुरू झाला, 1969 मध्ये पहिला अल्बम आला, आणि सत्तरच्या दशकात यांच्याइतकी गर्दी खेचणारे बँड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. तुम्ही आज जे काही हेवी, ढणाणा वाजणारं ऐकता, त्याच्या मुळाशी खणलं तर हे चौघे सापडतातच.

आता आपला धागा. 1972 मध्ये पेज आणि प्लांट मुंबईत होते. परदेशी दौऱ्यांच्या वाटेवर मुंबईत उतरायचं, बाजारात फिरायचं, वाद्यं बघायची, गाणं ऐकायचं, असा त्यांचा शिरस्ता झाला होता. कुलाब्याला ‘स्लिप डिस्क’ नावाचा एक डिस्को होता. तिथल्या साध्यासुध्या साउंड सिस्टिमवर हे दोघे स्थानिक पोरांबरोबर वाजवायला उभे राहिले. जरा कल्पना करा. तिकडं स्टेडियम भरवणारी माणसं, आणि इकडं कुलाब्यातल्या एका छोट्या खोलीत उधारीच्या गिटारवर वाजवतायत. ऐकणाऱ्यांनी पुढची पन्नास वर्षं तीच गोष्ट सांगितली असणार. मी असतो तर मीही सांगितली असती, दर लग्नात.

पण त्याहून मोठी गोष्ट घडली स्टुडिओत. पेजच्या डोक्यात एक खूळ होतं, की आपली गाणी हिंदुस्थानी वादकांकडून वाजवून घ्यायची. निवडली दोन. ‘फ्रेंड्स’, जे 1970 च्या तिसऱ्या अल्बममध्ये आहे, आणि ‘फोर स्टिक्स’, जे 1971 च्या चौथ्या अल्बममध्ये. ‘फोर स्टिक्स’ हे नाव पडलं कारण मूळ रेकॉर्डिंगला बॉनमनं प्रत्येक हातात दोन-दोन अशा चार काठ्या धरून ड्रम्स वाजवले होते. चाल अशी, की पाच आणि सहाच्या हिशोबात सारखी अदलाबदल होते. बॉनमसारखा माणूसही त्यात घामाघूम झालेला.

हेच गाणं मुंबईच्या वादकांपुढं ठेवलं. गंमत बघा. आपल्याकडं पाचाची, सातची, दहाची मोजणी कुणाला नवीन नाही. तबलजी झोपेत झपताल धरेल. पण आपण मोजतो आवर्तनात. समेवरून निघायचं आणि समेवर यायचं. रॉकवाला मोजतो तुकड्यांत, आणि तुकडा बदलला की मागचा हिशोब विसरून जातो. म्हणजे डेटा तोच, फॉरमॅट वेगळा. दोन सिस्टिम एकमेकींशी बोलायला लागल्या की पहिल्या दिवशी जे होतं, ते तिथं झालं. तासन्‌तास खटपट झाली. बॉनम आणि जोन्स त्या खोलीत नव्हतेच. त्यांच्या जागी तबला होता आणि तारवाद्यं होती. दोन्ही गाणी टेपवर आली. पेज ती टेप घेऊन गेला आणि ती कपाटात गेली. अल्बम निघाला नाही. चोरटी कॉपी तेवढी फिरत राहिली.

ही टेप लक्षात ठेवा. तिच्याकडं परत यायचंय.

25 सप्टेंबर 1980 ला बॉनम गेला. वय 32. नव्या दौऱ्याची तालीम सुरू होती, आदल्या दिवशी दिवसभर व्होडका पिणं झालं आणि पेजच्या घरी झोपेतच संपला. डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी चार ओळींचं निवेदन काढून बँड थांबवला. दुसरा ड्रमर घेतला नाही. यावर मी बराच विचार केलाय. द हू या बँडचा ड्रमर कीथ मून 1978 मध्ये गेला, त्यांनी दुसरा घेतला आणि चालू राहिले. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट त्याच 1980 च्या फेब्रुवारीत गेला. त्यांनी काही महिन्यांत नवा गायक घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ काढला आणि तो जगातल्या सगळ्यात जास्त खपलेल्या अल्बमपैकी एक झाला. म्हणजे ‘थांबणं’ हा काही नियम नव्हता. यांनी तो निवडला.

निवडला खरा, पण निभावला नाही. 13 जुलै 1985 ला लाइव्ह एडमध्ये तिघे परत एका स्टेजवर आले. ड्रम्सवर टोनी थॉम्पसन आणि फिल कॉलिन्स. कॉलिन्स त्याच दिवशी लंडनमध्ये वाजवून, कॉनकॉर्ड विमानानं अटलांटिक ओलांडून फिलाडेल्फियाला पोचलेला. तालीम जवळजवळ नाहीच. पेजची गिटार सुरात नाही, प्लांटचा घसा बसलेला. मी तो व्हिडिओ मोबाइलवर तीन वेळा बघायचा प्रयत्न केलाय आणि तिन्ही वेळा मधेच बंद केलाय. पुढं लाइव्ह एडची डीव्हीडी निघाली तेव्हा या लोकांनी स्वतःचा तुकडा त्यात घालूच दिला नाही. 1988 मध्ये त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या चाळिसाव्या वाढदिवसाला परत एकदा जमले. या वेळी ड्रम्सवर बॉनमचा मुलगा जेसन होता. तेही काही जमलं नाही.

आणि मग 1994. हा भाग मला सगळ्यात जास्त लागतो. पेज आणि प्लांट दोघंच एकत्र आले. ‘नो क्वार्टर’ नावाचा कार्यक्रम आणि अल्बम. इजिप्तचे वादक, मोरोक्कोचे वादक. आणि गाणी? त्यात ‘फ्रेंड्स’ आहे, ‘फोर स्टिक्स’ही आहे. मुंबईत 1972 मध्ये जे अर्धवट राहिलं, ते बावीस वर्षांनी दुसऱ्या देशांच्या वादकांकडून पुरं करून घेतलं! पण अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून घेतलं, ते ‘नो क्वार्टर’ मुळात ओळखलं जातं जोन्सच्या कीबोर्डमुळं, आणि त्या जोन्सला कुणी बोलावलंच नाही. सांगितलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात तिघे एकत्र स्टेजवर होते, तेव्हा जोन्सनं आभार मानताना हळूच टोला हाणला, की माझा फोन नंबर अखेर आठवला याबद्दल मित्रांचे आभार. सभागृह हसलं. त्या क्लिपमध्ये पेज आणि प्लांटचे चेहरे बघा एकदा.

(मागून हॉर्न ऐकू आला असेल तर माफ करा. आमच्या बोळात टेम्पो वळवायला दहा मिनिटं लागतात.)

बोललो होतो ना, आमच्या बँडबद्दल पुढं सांगतो म्हणून. आमचा बेस वाजवणारा शांत पोरगा. शेवटच्या वर्षी एका गॅदरिंगला आम्ही तिघंच वाजवून आलो. त्याला वाटलं कार्यक्रम रद्द झालाय, कारण मीच त्याला तसं कळू दिलं होतं. कारण इतकं फालतू, की आता सांगायलाही लाज वाटते. एका सोलोवरून वाद झाला होता. फोटो इन्स्टावर पडले तेव्हा त्याला कळलं. तो काही बोलला नाही. ग्रुपमधून बाहेर पडला, एवढंच. ‘लेफ्ट’ अशी ओळ येते ना व्हॉट्सॲपवर, राखाडी अक्षरांत. तेवढीच. जोन्सचा तो टोला मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हसू आलं नाही.

असो. 2007.

निमित्त होतं एका माणसाच्या जाण्याचं. अहमेट एर्टेगन, अटलांटिक रेकॉर्ड्सचा संस्थापक. 1968 मध्ये याच कंपनीनं झेपेलिनला घेतलं होतं. डिसेंबर 2006 मध्ये तो गेला. त्याच्या नावानं शिक्षणनिधी उभा करायचा म्हणून मैफल ठरली. आधीची तारीख 26 नोव्हेंबर. मग पेजच्या डाव्या हाताचं बोट मोडलं आणि कार्यक्रम दोन आठवडे पुढं गेला. पेज तेव्हा 63 वर्षांचा, जोन्स 61, प्लांट 59. आणि ड्रम्सवर पुन्हा जेसन. बाप गेला तेव्हा तो 14 वर्षांचा होता, आता 41.

1985 आणि 2007 मध्ये फरक काय पडला? उत्तर कंटाळवाणं आहे: तालीम. या वेळी काही आठवडे गुपचूप तालमी केल्या. काही गाण्यांची पट्टी खाली उतरवली, कारण साठीच्या उंबरठ्यावरचा गळा पंचविशीतल्या किंकाळ्या मारू शकत नाही, हे प्लांटनं मान्य केलं. हे मान्य करायला जिगर लागते. आपल्याकडं कितीतरी मोठे गायक हे मान्य न केल्यामुळं शेवटच्या दहा वर्षांत हसू करून घेतात. नावं घेत नाही, तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा.

आणि जेसन. बापाची गाणी त्याला पाठ होतीच. पण नुसती रेकॉर्डवरची नव्हे. कुठल्या वर्षी, कुठल्या शहरात बापानं तोच तुकडा कसा वेगळा वाजवला होता, हे त्यानं ऐकून ऐकून डोक्यात भरलेलं. आपल्याकडं घराण्यात मुलगा तयार होतो तसंच हे. फरक एवढाच, की याला शिकवायला बाप नव्हता, टेप होत्या.

पहिलं गाणं वाजलं ‘गुड टाइम्स बॅड टाइम्स’. पहिल्या अल्बममधलं पहिलं गाणं. सुरुवातीलाच बॉनमच्या पायाची ती प्रसिद्ध करामत आहे, एका पायानं बास ड्रमवर जलद तिहाई काढल्यासारखी. म्हणजे पोरानं पहिल्या मिनिटालाच सगळ्यात अवघड पेपर सोडवायला घेतला. दोन तासांहून थोडा जास्त कार्यक्रम झाला. ‘फॉर युअर लाइफ’ हे 1976 चं गाणं तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच लोकांपुढं वाजवलं. ‘काश्मीर’ झालं. जाता जाता सांगतो, ‘काश्मीर’ लिहिलं तेव्हा यातलं कुणीही काश्मीरला गेलेलं नव्हतं, प्लांटला ते शब्द मोरोक्कोच्या वाळवंटातल्या रस्त्यावर सुचले. शेवटी ‘रॉक अँड रोल’ वाजवून चौघे पुढं आले, हात धरून वाकले. संपलं.

सगळ्यांना वाटलं, आता जगाचा दौरा होणार. पैशाचा तर पाऊस पडला असता. त्याच वर्षी द पोलीस हा बँडही वीसेक वर्षांनी परत आला होता आणि मे 2007 ते ऑगस्ट 2008 जगभर फिरला. (हा तोच बँड, ज्यानं मार्च 1980 मध्ये मुंबईच्या रंगभवनात वाजवलं होतं.) त्यांची गंमत म्हणजे दौरा सुरू होतो न होतो तोच त्यांचा ड्रमर स्टुअर्ट कोपलँड यानं स्वतःच्या वेबसाइटवर लिहून टाकलं, की आमचा कालचा कार्यक्रम किती भिकार झाला आणि कोण कुठं चुकलं. इतका प्रामाणिक बग रिपोर्ट मी ऑफिसातसुद्धा पाहिलेला नाही. तरी ते दीडशेच्या आसपास कार्यक्रम करून, भरपूर कमावून, शांतपणे परत वेगळे झाले.

झेपेलिननं ते केलं नाही. प्लांट नको म्हणाला. त्याचा आणि ॲलिसन क्राउसचा ‘रेझिंग सँड’ हा अल्बम नुकताच आला होता, आणि 2009 मध्ये त्याला वर्षाच्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. म्हणजे साठीत त्याच्याकडं नवं काम होतं. पेज, जोन्स आणि जेसननं दुसरे गायक घेऊन तालमी करून बघितल्या, आणि 2009 च्या सुरुवातीला तोही नाद सोडला. पेजबद्दल मला वाईट वाटतं. त्याच्या बाजूनं बघितलं तर तो हे सगळं परत उभं करायला कायम तयार होता आणि समोरचा माणूस पुढं निघून गेलेला. मैत्रीत हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण प्लांट बरोबर होता असं माझं मत. ज्याला रोज रात्री पंचविशीचं सोंग घ्यायचं नाही, त्याला तसं करायला कोण भाग पाडणार?

‘एकच रात्र’ हा प्रकार कोल्हापूरकरांना नवा नाही खरं तर. 8 जुलै 1921 ला मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. टिळक स्वराज्य फंडासाठी दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे दोन सुपरस्टार एका रंगमंचावर आले. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर आपले केशवराव भोसले. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे तेही आपलेच. त्या रात्रीचं रेकॉर्डिंग नाही. तीन महिने व्हायच्या आत, 4 ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय 31. बॉनमपेक्षा एक वर्ष कमी. लंडनच्या त्या रात्रीवर निदान ‘सेलिब्रेशन डे’ नावाचा सिनेमा आहे, 2012 मध्ये आलेला. केशवरावांच्या त्या रात्रीसाठी आपल्याकडं जुन्या माणसांनी लिहून ठेवलेल्या आठवणी आणि एक नाट्यगृह होतं. ते नाट्यगृहही 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. मी त्या रात्री खासबागेजवळ गर्दीत उभा होतो. त्यावर वेगळा एपिसोड करू, आज नको.

परत येण्याची एक वेगळी तऱ्हा मात्र मुंबईच्याच एका बँडनं दाखवली. रॉक मशीन. 1984 मध्ये सुरू झाला. आधी सगळे करायचे तसे इंग्रजी बँडची गाणी वाजवायचे. मग 1988 मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, 1990 मध्ये दुसरा. तेव्हा भारतात ‘आमचं स्वतःचं गाणं वाजवतो’ म्हणणं म्हणजे बाटल्या अंगावर घेणं होतं. लोकांना डीप पर्पल पाहिजे असायचं. 1993 मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झाले, एमटीव्हीवर झळकले, 1995 मध्ये अल्बम आला. 1997 ला संपलं. गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेला. देशात इंडिपॉप आणि सिनेमाच्या गाण्यांनी चॅनेल भरून गेले, इंग्रजीत रॉक गाणाऱ्यांना जागाच उरली नाही.

2010 मध्ये ते परत आले. बेनेगल, गिटारवाला महेश तिनईकर आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया हे जुने तिघे. बेसवर रुशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे दोघे. यांनी काय केलं? नुसती जुनी गाणी वाजवत फिरले नाहीत. 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा पूर्ण नवा अल्बम काढला. तेरा वर्षांचं अंतर म्हणजे झेपेलिनच्या निम्मंच. पण मला हे जास्त अवघड वाटतं. लंडनमध्ये आलेली गर्दी 1973 ऐकायला आली होती आणि तिला 1973 मिळालं. इथं समोर जी पोरं उभी होती त्यातल्या बऱ्याच जणांना रॉक मशीन हे नाव काकाच्या तोंडून कळलेलं. त्यांना आठवणींचा कूपन दाखवून काहीच मिळणार नव्हतं. गाणं चांगलं असेल तरच ती थांबणार. मी स्वतः ‘इव्हॉल्व्ह’ आधी ऐकला आणि मग मागं जाऊन 1988 ला पोचलो.

आता ती टेप.

31 जुलै 2015. पेजनं बँडचे सगळे अल्बम नव्यानं साफसूफ करून काढायचं काम घेतलं होतं. शेवटच्या खेपेत ‘कोडा’ या अल्बमबरोबर जोडीच्या तबकड्या आल्या आणि त्यात होती मुंबईची ती दोन गाणी. 1972 नंतर त्रेचाळीस वर्षांनी अधिकृतपणे. ‘फोर स्टिक्स’ला तिथं नाव दिलंय ‘फोर हँड्स’. आत्ता तुमच्या फोनवर शोधलं तर सापडेल. ऐका. ज्या जागी बॉनमच्या चार काठ्या पडायच्या तिथं तबल्यावरची बोटं पडतायत. मधे एखाद्या ठिकाणी हिशोब डळमळतो, मग कुणीतरी तो पकडतं आणि सगळे परत एकत्र येतात. माझ्यासाठी या सगळ्या कहाणीतला सगळ्यात जिवंत क्षण तोच आहे.

आणि गाण्याच्या नावापुढं काय लिहिलंय? ‘बॉम्बे ऑर्केस्ट्रा’. एकगठ्ठा. लंडनच्या रात्रीआधी कुणाचं बोट मोडलं होतं हे आपल्याला माहीत आहे, पण तबला कुणाच्या बोटांचा हे त्या शीर्षकावरून कळत नाही. ती माणसं त्या दिवशी स्टुडिओतून निघून बहुधा पुढच्या कामाला गेली असतील, लोकल पकडून. त्यांना परत एकत्र बोलावणारी मैफल कुणी ठरवली नाही.

तर मंडळी, हा एपिसोड मी आत्ताच का केला? आमच्या ड्रमरचं डिसेंबरमध्ये लग्न आहे, इथंच, कोल्हापुरात. त्यानं अट घातलीय की हळदीच्या रात्री बँड वाजला पाहिजे, आणि चौघांचा. मी पुण्याहून येणार, गाणारा बंगळुरूहून. गच्चीवरची खोली अजून आहे. खालच्या काकूही आहेत.

बेसवाल्याचा नंबर माझ्याकडं होता. कायमच होता. परवा रात्री त्याला एक लांबलचक मेसेज टाइप केला, अर्धा पुसला, आणि शेवटी त्या गॅदरिंगबद्दल जे खरं होतं ते सरळ लिहून पाठवलं. खाली ‘फोर हँड्स’ची लिंक जोडली. दोन निळ्या टिक आल्यात. उत्तर अजून नाही.

पुढच्या आठवड्यात भेटू.